आधी फोटो, मग फडके

माणसाला कोणता छंद जडावा याचा काही नेम नसतो. माझ्याजवळ स्वतःची म्हणून जी मोटार आहे तिच्याकडे रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा वळून पाहणार नाही. पण गेली बारा वर्षे दर रविवारी पहाटे उठून मी लोकांच्या मोटारींचे फोटो काढायला जातो. त्याही साध्यासुध्या नव्हेत, जपानहून जहाजाने आणलेल्या शर्यती थाटाच्या मोटारी! आमच्या सौभाग्यवतींचे यावर एकच म्हणणे असते : “परक्या पोरींचे फोटो काढणारा नवरा पदरी पडला असता तर निदान लोकांना सांगायला तरी काही झाले असते!”

खरे सांगायचे तर वेड मोटारींचे नव्हते, फोटोंचे होते. त्याचे मूळ गिरगावात आहे. तिथे माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. काकांच्या टेबलावर बारीक टोकाची एक पेन्सिल नेहमी असे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळे, कपाळावरच्या सुरकुत्या हे सारे काका निगेटिव्हवर त्या पेन्सिलीने अलगद बुजवून टाकीत. “फोटो माणसापेक्षा चार आणे बरा दिसला पाहिजे,” हे त्यांचे ब्रीद. ते माझ्या अंगात इतके मुरले होते, की त्याने एकदा मला चांगलेच अडचणीत आणले. पण ती हकीकत पुढे येईलच.

नोकरीच्या निमित्ताने मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात येऊन राहिलो. एका रविवारी सकाळी भाजीबाजारासमोरच्या मोकळ्या पटांगणात तीस-चाळीस मोटारी ओळीने उभ्या दिसल्या. हौशी मंडळी कॉफीचे पेले हातात घेऊन एकमेकांच्या गाड्यांची बॉनेटे न्याहाळत होती. त्यांतली एक करड्या रंगाची गाडी पाहून मी थबकलो. तिचे स्टीअरिंग उजव्या बाजूला होते! अमेरिकेत ते डावीकडे असते. मालकाने मला आत बसू दिले. उजवीकडे बसून डाव्या हाताने गिअरच्या दांड्याला हात लावला मात्र, आणि वडिलांच्या फियाटमध्ये बसून दादरहून शीवला निघाल्याचा भास झाला. परदेशात माणसाचे मन कुठल्या खुंटीला अडकेल सांगता येत नाही. माझे त्या स्टीअरिंगला अडकले.

ती गाडी म्हणजे निसान स्कायलाइन जीटी-आर. तिच्या जाणकारांत ती ‘आर-३२’ या नावाने ओळखली जाते. १९८९ ते १९९४ या काळात अशा सुमारे ४४ हजार गाड्या जपानमध्ये तयार झाल्या. सहा सिलिंडरांचे २.६ लिटरचे इंजिन, त्यावर दोन टर्बो आणि जोर चारही चाकांना. जपानमधल्या टूरिंग मोटारींच्या अजिंक्यपद स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत २९ शर्यती झाल्या आणि २९ही या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची प्रसिद्ध शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ साली मारली. तिथल्या एका मासिकाने तिला ‘गॉडझिला’ हे राक्षसाचे नाव दिले, ते कायमचे चिकटले.

आता वाचक विचारतील, गाडी एवढी नामांकित, तर अमेरिकेत ती दुर्मिळ का? याचे कारण कायदा. परदेशातल्या बाजारासाठी बनलेली गाडी अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत बसत नसेल, तर ती २५ वर्षांची होईपर्यंत तिला तिथे सहसा रस्त्यावर आणता येत नाही. १९८८च्या कायद्याने ही मर्यादा घातली. म्हणजे १९८९ची आर-३२ कायदेशीरपणे आली ती २०१४ मध्ये, आणि तिची धाकटी बहीण आर-३४, जी १९९९ साली जन्मली, ती २०२४ मध्ये! मुलगी वयात येण्याची वाट पाहणाऱ्या वधुपित्याप्रमाणे इथली तरुण मंडळी गाडीच्या वाढदिवसाचा महिना कॅलेंडरवर खूण करून ठेवतात.

गाडी जपानच्या लिलावातून घेतात. लिलावाच्या कागदावर गाडीचे चित्र असते. ओरखडा असेल तिथे ‘ए’, पोचा असेल तिथे ‘यू’ अशी अक्षरे लिहिलेली असतात. गाडी येते तेव्हा आपल्या पूर्वायुष्याच्या खुणा अंगावर घेऊनच येते. दाराच्या चौकटीवर तेल बदलल्याची जपानी चिठ्ठी असते, तीत साल ‘हेइसेई’ शकाचे. डावीकडच्या आसनापुढे, पायाशी, अपघातात पेटवायची लाल मशाल अडकवलेली असते. काही गाड्यांतले टोल भरण्याचे यंत्र किल्ली फिरवताच जपानी बाईच्या आवाजात, कार्ड घातलेले नाही, अशी नम्र तक्रार करते. न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर तिची तक्रार ऐकणार कोण!

एकदा तर गंमतच झाली. सुझुकी कॅपुचिनो नावाची, खेळण्यातली वाटावी अशी दोन आसनांची गाडी आली होती. लांबी ३.३ मीटर, इंजिन ६५७ सी. सी.चे, तीन सिलिंडरांचे. बॉनेट उघडताच ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सी. सी.चे इंजिन याच कुळातले! मी ते मालकाला सांगितले. त्यानंतर तो गृहस्थ जो भेटेल त्याला, “माझ्या गाडीचे चुलत भाऊ हिंदुस्थानात शाळेची पोरे पोचवीत असत,” असे अभिमानाने सांगू लागला.

या गाड्यांपैकी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी विरळा. कोणी चाके बदलतो, कोणी सायलेन्सर, कोणी स्प्रिंगा बसक्या करून गाडी जमिनीला टेकवतो. यालाही कारण आहे. जपानी कारखानदारांनी आपसांत एक समजूत करून ठेवली होती, की कोणत्याही गाडीची ताकद २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करायची नाही. ही समजूत २००४ पर्यंत टिकली. लग्नाच्या बाजारात वय कमी सांगावे तशी ही ताकद कमी सांगितलेली असे, आणि इंजिनाच्या पोटात पुष्कळ काही दडलेले राही. ते बाहेर काढणे हाच हौशी कारागिरांचा उद्योग. आर-३२ च्या मूळ टर्बोंतली चक्रे चिनी मातीच्या जातीची, सिरॅमिकची. दाब फार वाढवला तर ती फुटतात. म्हणून ती काढून पोलादी चक्रांचे टर्बो बसवतात. तिथून मग इंधनाचे पंप, रेडिएटर, ब्रेक अशी एकातून एक कामे निघत जातात. घर दुरुस्तीला काढावे तसा हा प्रकार आहे. एक भिंत पाडली की दुसरी पाडावी लागते.

अशा गाडीचा फोटो काढणे सोपे नाही. चकचकीत रंगाची गाडी म्हणजे चार चाकांवरचा आरसाच. आकाश, झाडे, विजेचे खांब आणि खुद्द फोटोग्राफर हे सगळे तिच्या अंगावर उमटते. म्हणून मी काळे कपडे घालतो, भिंगापुढे चकाकी मारणारा पोलरायझर लावतो आणि सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटे साधतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरतो. फार रुंद भिंग वापरले तर गाडीचे नाक बटाट्याएवढे दिसते, म्हणून दूर उभे राहून लांब भिंग लावतो. धावत्या गाडीचा फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात, गाडीबरोबर कॅमेरा फिरवीत घ्यावा लागतो. वीस घ्यावेत तेव्हा एक साधतो. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे पुसापुशी. बॉनेट उघडले की मी फडके घेऊन आधी इंजिन लखलखीत करीत असे. काकांची पेन्सिल आणि माझे फडके, दोन्हींचा धर्म एकच.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान वसंत ऋतूत वारले होते. त्यांची करडी आर-३२ विकायची होती. सौदा ठरलेला होता, आठ दिवसांनी व्यापारी गाडी न्यायला येणार होता. यजमानांनी सहा वर्षे खपून गाडीत केलेले सगळे बदल तो काढून टाकणार होता, कारण अलीकडे मूळ रूपातल्या गाडीला किंमत जास्त येते. काढलेले मूळ भाग यजमानांनी खोक्यांत नीट जपून ठेवले होते. “गाडी ठेवणे मला परवडणार नाही,” बाई म्हणाल्या, “पण त्याने जे जे केले, त्याचे फोटो मुलासाठी हवेत.” मुलगा पंधरा वर्षांचा होता.

मी गेलो. बाईंनी गॅरेजचे दार उघडले आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. “हिचे आणि माझे कधी पटले नाही. त्याचे सगळे शनिवार हिने घेतले.” आपल्याकडची बाई असती तर सवत म्हणून मोकळी झाली असती. मुलगा कोपऱ्यात उभा होता. तो काही बोलला नाही, आणि थोड्या वेळाने आत निघून गेला.

मी माझ्या रिवाजाप्रमाणे कामाला लागलो. दिवे लावले, बॉनेट उघडले. काम सुरेख होते. नळ्यांची वळणे एकसारखी होती, एकही तार लोंबत नव्हती. फक्त जागोजागी, काच धुण्याच्या पाण्याच्या डब्यावर, रेडिएटरच्या कडेला, कागदी चिकटपट्टीचे मळकट तुकडे होते. मी ते नखाने सोलून काढले, कचऱ्याच्या पिंपात टाकले, सगळे पुसून स्वच्छ केले आणि दोनशे फोटो घेतले. त्यांतले निवडक चाळीस, संगणकावर उरलासुरला डाग घालवून, बाईंना पाठवले. मनात म्हटले, काका असते तर पाठ थोपटली असती.

दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. फोटो फार सुंदर आहेत, असे म्हणून त्या थोड्या घुटमळल्या. “मुलगा विचारतो आहे, बाबांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?”

माझ्या पोटात खड्डा पडला. ते मळके तुकडे म्हणजे त्या माणसाची रोजनिशी होती! कोणता भाग कधी बसवला, ते तो त्या त्या भागाजवळ लिहून चिकटवीत असे. गाडी व्यापाऱ्याकडे गेली होती. कचऱ्याची गाडीही येऊन गेली होती. मी बाईंना खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री मी सगळे फोटो पुन्हा काढून बसलो. उजेड किती आहे ते पाहण्यासाठी मी नेहमी एक फोटो सुरुवातीलाच घेतो, आणि तो कोणाला दाखवीत नाही. तो सापडला. तिरका, अर्धवट अंधारा, कोपऱ्यात माझेच फडके आलेले. पण बॉनेट नुकतेच उघडलेले होते, आणि चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. मोठा करून पाहिला तेव्हा पाच वाचता आल्या, बाकीच्या अंधारात गेल्या. पाण्याच्या डब्यावरची सर्वांत स्पष्ट होती : “१४ मार्च. दोन्ही टर्बो बसवले. थंडी मरणाची. टॉर्च धरला –” आणि पुढे मुलाचे नाव.

तो फोटो मी काही न पुसता, न उजळता पाठवला. चाळीस सुंदर फोटो अल्बममध्ये राहिले, आणि हा एक चौकटीत घालून मुलाच्या खोलीत लागला, असे बाईंनी मागाहून कळवले. मी पैसे घेतले नाहीत. घेण्याचे तोंडच नव्हते.

गेल्या वर्षी त्याच रविवारच्या पटांगणात एक करडी आर-३२ आली. नवा मालक उत्साहाने सांगत होता, “एकही बदल नाही, कारखान्यातून निघाली तशी!” दार उघडले तेव्हा चौकटीवरची तेलाची जपानी चिठ्ठी दिसली. ती मी पूर्वी टिपली होती, तिचा एक कोपरा फाटलेला होता. गाडी तीच होती. मी काही बोललो नाही. त्याचा आनंद खोटा नव्हता. बॉनेट उघडायला तेवढे सांगितले.

आत सगळे मूळचे होते. मात्र पाण्याचा प्लॅस्टिकचा डबा वयोमानाने पिवळा पडला होता, आणि त्यावर एक लहानसा चौकोन पांढरा राहिला होता. चिकटपट्टीखाली झाकलेला तेवढा तुकडा पिवळा पडायचा राहून गेला होता. मालकाच्याही तो लक्षात आला. “थांबा,” तो म्हणाला, “फडके आणतो, डबा जरा पुसून घेऊ.”

मी म्हटले, “नको. आधी फोटो.”