जुन्या संगणकाला नवी हार्ड डिस्क जोडताना



पिंपळवंडीच्या आसपास सकाळी दूध केंद्रावर गेलात, तर काट्याशेजारी टेबलावर बहुधा एक संगणक दिसतो. दूध काट्यावर ठेवले की वजन त्यात जाते, नमुना यंत्राला लावला की फॅट जाते, आणि शेजारच्या प्रिंटरमधून टर्र्‌ करीत चिठ्ठी बाहेर येते. आपण ती खिशात घालतो आणि विसरतो. दहा दिवसांचे बिल आणि दिवाळीचा दरफरक ज्यावरून निघतो, तो वर्षाचा हिशेब मात्र त्या खोक्यातल्या तळहाताएवढ्या एका डबीत असतो. तिला हार्ड डिस्क म्हणतात.

मध्यंतरी अशाच एका केंद्राच्या सचिवांनी मला गाठले. त्यांचा संगणक वीस वर्षांचा, आणि आतून टक्‌-टक्‌ असा आवाज येऊ लागलेला. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी ४ टेराबाइटची मोठी नवी डिस्क आणली होती. "साहेब, हिची पिनच आपल्या मशीनला बसत नाही. आता सगळे मशीनच बदलावे काय?" असा त्यांचा प्रश्न. शेतीच्या माणसाला हे कशाला विचारता, असे कोणी म्हणेल. पण सरकारी कचेरीत जुनी यंत्रे सांभाळून घेण्याची विद्या आम्हाला आपोआपच येते.

मशीन बदलणे सोपे नाही, याला कारण आहे. काटा आणि फॅटचे यंत्र ज्या नऊ पिनांच्या खोबणीत जोडलेले असते, ती नव्या संगणकांना सहसा नसते. बाजारात जोडण्या मिळतात, परंतु जुना हिशेबाचा प्रोग्राम त्या प्रत्येक वेळी ओळखेलच असे नाही. द्राक्षबागाईतदारांना हे नवे नाही. डॉगरिजचा खुंट जमिनीत पक्का रुजलेला असतो. आपण त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतो, खुंट उपटून टाकीत नाही. आपल्या शेजारी खोडदला जी प्रचंड दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या १९९०च्या दशकातल्याच आहेत. शास्त्रज्ञांनी तबकड्या तशाच ठेवून त्यांच्यावरची ग्रहणयंत्रे बदलली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ऐकू येई, तो आता ४०० पर्यंत गेला. तेव्हा जुन्याला नवे जोडणे हे काही गरिबीचे लक्षण नव्हे.

आता टक्‌-टक्‌ आवाजाचे पाहू. डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. त्यांच्यावरून वाचणारी सुई चकतीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. आपला केस तिच्यापुढे ओंडक्यासारखा. सुईला जागा सापडेनाशी झाली की ती मागे फिरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि त्याचाच हा आवाज. अशी डिस्क उगाच चालू-बंद करून पाहू नये. एखादी सुरुवात शेवटची ठरते. उघडून तर मुळीच पाहू नये. कोणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, तेही ऐकू नये; ओल धरून उरलीसुरली आशा जाते.

पहिले काम नवी डिस्क बसवण्याचे नव्हे, जुनीवरचा हिशेब उचलण्याचे आहे. जुनी डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या संगणकाला यूएसबीच्या जोडणीने लावावी. मोठ्या आकाराच्या डिस्कला त्या जोडणीबरोबर वेगळा वीज अडॅप्टर लागतो, तो विसरू नये. आधी फक्त हिशेबाचे फोल्डर उतरवावे आणि मग सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल करावी. त्यासाठी क्लोनझिला नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. घरात शिकता मुलगा किंवा सून असेल तर हे काम संध्याकाळी बसून होते. डिस्क ओळखलीच जात नसेल तर मात्र थांबावे आणि पुण्याला माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. तो खर्च मोठा असतो. पण सभासदांच्या वर्षाच्या हिशेबाशी तुलना करून ठरवावे.

आता पिनेचा प्रश्न. साधारण २००३च्या आधीच्या संगणकात डिस्क रुंद, चपट्या, ४० पिनांच्या पट्टीने जोडत. तिला आयडीई म्हणतात. नव्या डिस्कला साटा नावाची बारीक, सात तारांची जोडणी असते. दोहोंच्या मध्ये बसणारा लहानसा कन्व्हर्टर मिळतो. पट्टीची एक कड लाल असते, ती पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडे आली पाहिजे. पट्टी निळ्या, करड्या व काळ्या टोकांची असेल तर निळे मदरबोर्डला आणि काळे डिस्ककडे लावावे. वेग जुन्या पट्टीएवढाच मिळेल, पण चिठ्ठी छापायला तो भरपूर झाला.

विजेची खोबणीही निराळी असते. जुनी चार पिनांची, नवी पंधरांची. मधली वायर घेताना दोन पैसे जास्त द्यावेत. एकसंध प्लॅस्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त टोकांत तारा आतल्या आत एकमेकींना भिडून वितळल्याचे प्रकार झालेले आहेत. तारा एकेक करून खोचलेले टोक बरे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, आकाराचे. सचिवांची खरी अडचण पिनेची नव्हतीच. समजा, गट क्रमांक लिहायला तलाठ्याच्या वहीत तीनच आकड्यांची जागा आहे. १००१ लिहायला गेले की ००१ उमटणार, आणि पहिल्या गटाच्या मालकाची नोंद खोडली जाणार. जुन्या संगणकाच्या वहीत २६,८४,३५,४५६ कप्प्यांपुरतीच जागा होती. एका कप्प्यात ५१२ अक्षरे, म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट. विंडोज एक्सपीच्या अगदी पहिल्या आवृत्तीलाही एवढेच मोजता येई. ही मर्यादा २००२च्या सुमारास उठू लागली. मर्यादा असलेल्या यंत्राला मोठी डिस्क लावली तर ती सुरुवातीला चालल्यासारखी दिसते, पण लिखाण १३७च्या पुढे गेले की सुरुवातीच्या नोंदींवर नवे लिहिले जाऊ शकते. पुढे दुसरी मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटची. ती जुन्या पद्धतीच्या विभागणीची आहे. सचिवांच्या ४ टेराबाइटने दोन्ही बांध ओलांडले होते.

केंद्राला मुळात जागा किती लागते? तीनशे सभासद दोन वेळा दूध घालतात असे धरा. दिवसाला ६०० नोंदी, वर्षाला २,१९,०००. एका नोंदीला १०० अक्षरे धरली तरी जेमतेम २२ मेगाबाइट. म्हणजे १२० गिगाबाइटच्या डिस्कमध्ये पाच हजार वर्षांचे दूध मावेल! म्हणून मी त्यांना १२०ची एसएसडी घ्यायला सांगितले. ती १३७च्या आत बसते, तिच्यात फिरणारे काही नसल्याने टेबल हलले तरी बिघडत नाही आणि वीजही कमी खाते. जुनी डिस्क मात्र १२०पेक्षा मोठी नाही ना, हे आधी लेबलवर पाहावे, नाहीतर नक्कल मावणार नाही. दुकानदाराने कुरकुर केली, पण डिस्क बदलून दिली.

जोडणी झाल्यावर संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून सेटअपमध्ये नव्या डिस्कचे नाव व आकार दिसतो की नाही, ते पाहावे. तारीख भलतीच दिसत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर २०३२ म्हणून तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. चुकीच्या तारखेने बिल निघाले तर सगळा दशक बिघडतो. काही प्रोग्रामांचे कुलूप जुन्या डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेले असते. तसे असल्यास प्रोग्राम देणाऱ्याकडून नवी किल्ली आधीच मागून ठेवावी. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून संरक्षण मिळत नाही, म्हणून असे मशीन इंटरनेटला जोडू नये.

पहिले दहा दिवस वहीतही नोंद ठेवावी आणि बिल निघाले की चार-पाच सभासदांची बेरीज वहीशी ताडून पाहावी. जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कोरड्या कपाटात ठेवावी, आणि दिवाळीचा दरफरक वाटून होईपर्यंत कोणाला पुसू देऊ नये.