रानकोंबड्याचे संरक्षण

कोगनोळीच्या पश्चिमेस, सह्याद्रीतील राधानगरीच्या अरण्यात, पहाटे रानकोंबड्याची खणखणीत बांग ऐकू येते. करड्या रंगाचा हा पक्षी मूळचा केवळ भारतातच आढळतो. नराच्या मानेवरील पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे ठिपके असतात. या पिसांपासून परदेशात मासेमारीच्या गळास लावावयाच्या कृत्रिम माश्या बनवीत. त्यापायी असंख्य पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्याच्या शिकारीस बंदी आहे. तथापि केवळ कायदा पुरेसा नाही. मादी जमिनीवरच, पाचोळ्यात अंडी घालते आणि विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका वणव्यांचा काळ असतो. यास्तव ग्रामस्थांनी डोंगरावरील गवतास आग लावू नये व फासे आढळल्यास वनरक्षकास त्वरित कळवावे.