सामासिक विशेषणे, इंग्रजी

दोन किंवा अधिक पदे एकत्र येऊन एखाद्या नामाचा एकच गुण सांगतात, तेव्हा त्या पदसमूहास सामासिक विशेषण म्हणतात. इंग्रजीत अशी विशेषणे नाम व धातुसाधित, विशेषण व नाम, संख्यावाचक व परिमाणवाचक नाम इ. पदांच्या संयोगाने बनतात. पदांचा परस्परसंबंध दाखविण्यासाठी त्यांच्यामध्ये संयोगचिन्ह घालतात.

मराठीत हे कार्य मुख्यतः समासच करतो. मालवणजवळील सिंधुदुर्ग (बांधकाम १६६४–६७) हा सागरवेष्टित किल्ला होय. ‘सागरवेष्टित’ हे तृतीया तत्पुरुष समासाचे उदाहरण असून त्यातील पदे एकाच शिरोरेषेखाली येतात. त्याच अर्थाच्या ‘सी-गर्ट’ या इंग्रजी विशेषणात मात्र संयोगचिन्ह येते.

संयोगचिन्हाच्या स्थानावर अर्थ अवलंबून असतो. या किल्ल्याच्या तटाची जाडी सुमारे १२ फूट आहे. ‘ट्वेल्व्ह-फूट-थिक वॉल्स’ म्हणजे बारा फूट जाडीच्या भिंती. परंतु ‘ट्वेल्व्ह फूट-थिक वॉल्स’ म्हणजे फूटभर जाडीच्या बारा भिंती. मराठीत हा भेद प्रत्यय व पदक्रम यांनी स्पष्ट होतो. इंग्रजी लेखनात तो केवळ एका लहान रेघेवर विसंबतो. चिन्ह मुळीच न घातल्यास दोन्ही अर्थ संभवतात.

अशा विशेषणात परिमाणवाचक नाम सामान्यतः एकवचनी राहते. म्हणून ‘फीट’ ऐवजी ‘फूट’ असे रूप येते. विशेषण नामानंतर, विधेयात आल्यास बहुधा संयोगचिन्ह गळते व अनेकवचन परत येते : ‘द वॉल इज ट्वेल्व्ह फीट थिक’. ‘ली’ प्रत्ययान्त क्रियाविशेषणानंतर संयोगचिन्ह देत नाहीत, उदा., ‘हेव्हिली फॉर्टिफाइड आयलंड’. तेथे क्रियाविशेषणाचा संबंध पुढील पदाशीच असू शकतो, त्यामुळे संदिग्धता उरत नाही.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्यात मेजर टॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे. तथापि मराठीत संयोगचिन्ह प्रामुख्याने ‘मालवण-वेंगुर्ले’ यांसारख्या जोडनामांत येते. इंग्रजीच्या अनुकरणाने सामासिक शब्द तोडून लिहिल्यास समास नाहीसा होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार सुटा शब्द ‘सिंधू’ असा दीर्घान्त, तर समासातील पूर्वपद ‘सिंधु’ असे ऱ्हस्वान्त लिहितात. त्यामुळे ‘सिंधुदुर्ग’ या नावातील ऱ्हस्व उकार हीच त्यातील पदे जोडलेली असल्याची खूण होय.