टिटवी अंगावर येते तेव्हा

रब्बीची रानं मोकळी झाली, उन्हाचा चटका वाढला की लिंबागणेशच्या माळावर टिटव्यांचा ओरडा सुरू होतो. पायवाटेने चाललेल्या माणसाच्या डोक्यावर एक पक्षी घिरट्या घालू लागतो. कर्कश ओरडत लांब जातो, वळतो आणि थेट तोंडाच्या दिशेने झेपावतो. दोन-चार हातांवर आला की वर उचलतो, तोवर दुसरा येतो. शेळ्या राखणारी पोरे दगड उचलतात, बाया पदर सावरत भराभर चालू लागतात. घरी पोहोचल्यावर कोणीतरी म्हणतेच, "आज टिटवी मागं लागली होती. काही बरं दिसत नाही."

पण टिटवी आपल्या मागे लागत नाही, ती आपल्याला तिच्या दारातून हाकलत असते. तिची अंडी तिथेच कुठेतरी, कदाचित आपल्या पुढच्याच पावलाखाली असतात.

ज्यांचे कोणी नातेवाईक अमेरिका-कॅनडात आहेत त्यांना असाच प्रकार फोनवर ऐकायला मिळाला असेल. तिकडे कॅनडा गूज नावाचे मोठे रानहंस वसंत ऋतूत बागांत, वाहनतळांच्या कडेला, कॉलेजांच्या आवारात घरटी करतात. मादी चार आठवडे अंड्यांवर बसते आणि नर पहारा देतो. कोणी जवळ गेले की तो मान खाली घालून फूत्कारतो, पंख पसरून धावून येतो. आपल्याकडेही रानहंस येतात. पट्टकादंब हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उतरतात. परंतु त्यांची घरटी लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांकाठी असतात. उन्हाळा लागण्याआधी ते हिमालय ओलांडून परततात, म्हणून त्यांचा हा अवतार आपल्याला दिसत नाही. आपल्या माळावर ते काम टिटवी करते, आणि तिचे वजन एखाद्या कोंबडीच्या पिलाइतकेच असते.

उर्दूत तिला टिटहरी म्हणतात. डोके आणि छाती काळी, पाठ तपकिरी, पाय पिवळे, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी. ती झाडावर घरटे करीत नाही. उघड्या जमिनीत उथळ खळगा करायचा, भोवती चार खडे, लेंड्या ठेवायच्या, की झाले घर. त्यात बहुधा चार अंडी. त्यांचा रंग मातीचा आणि वर काळे डाग, त्यामुळे दोन पावलांवरूनही ती खड्यांत ओळखू येत नाहीत. नर-मादी पाळीपाळीने साधारण चार आठवडे बसतात. मे महिन्यात आपल्याकडच्या बरड जमिनीवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथे अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसते.

अशा पक्ष्याला आपण अपशकुनी ठरवले आहे. रात्री टिटवी ओरडली की घरात कोणाचे तरी वाईट होणार, असे हिंदू घरांत म्हणतात तसेच मुस्लिम घरांतही म्हणतात. यात आपण अजिबात मागे नाही. आम्हाला याचे कारण साधे वाटते. टिटवी रात्रीही जागी असते आणि अंधारात कुत्रा, कोल्हा, माणूस, जे हलेल त्यावर ओरडते. पूर्वी ज्या घरात माणूस अखेरच्या घटका मोजत असे, तिथेच रात्री-अपरात्री कंदील घेऊन लोकांची ये-जा चाले. टिटवी त्या पावलांवर ओरडायची. सकाळी मयत झाली की दोष तिच्यावर!

इस्लामपूर्व अरबस्तानातही हेच चाले. प्रवासाला निघताना पक्षी उडवायचा, उजवीकडे गेला तर शुभ, डावीकडे गेला तर घरी परत. अपशकुनासाठीचा अरबी शब्द 'तियरा' हा पक्षी या अर्थाच्या 'तैर'शी एकाच मुळाने जोडलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या समजुतीला काही अर्थ नसल्याचे स्पष्ट सांगितले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तशी हदीस आहे. पक्षी हेही माणसांसारखेच समुदाय आहेत, असे कुरआनच्या सूरह अन्आममध्ये आले आहे.

पण टिटवीच्या संदर्भात सर्वांत जवळची वाटते ती अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस. एका प्रवासात प्रेषित (स.) थोडे बाजूला गेले असता सोबतच्या लोकांना हुम्मरा नावाचा लहानसा पक्षी आणि त्याची दोन पिले दिसली. त्यांनी पिले उचलली. आई आली आणि पंख पसरून फडफडू लागली. प्रेषित (स.) परतले, त्यांनी ते पाहिले, हिच्या पिलांमुळे हिला दुःख कोणी दिले असे विचारले आणि पिले तिला परत द्यायला सांगितली. प्रवासातली माणसे, थकलेली, तरी पाखराच्या फडफडण्याचा अर्थ लावायला तिथे वेळ होता.

आता आपल्या रानाकडे. टिटवीचा विणीचा काळ साधारण मार्च ते ऑगस्ट, त्यातही जोर पावसाआधी. नेमके तेव्हाच आपले नांगरट, मोगडा, वखराची पाळी आणि मृगाची पेरणी असते. बैलांच्या औताच्या काळी टिटवीला संधी मिळे. जनावर जवळ आले की ती उडत नाही, अंड्यांपुढे पंख पसरून उभी राहते आणि ओरडते. बैल बिचकतो, थबकतो, मग औतवाला खाली बघतो आणि औत उचलून पुढे टेकवतो. ट्रॅक्टर बिचकत नाही. इंजिनाच्या आवाजात चालवणाऱ्याला तिचे ओरडणे ऐकू येत नाही, आणि एका फेरीत सगळे मातीखाली जाते. हजारो वर्षे उपयोगी पडलेली तिची युक्ती इथे निरुपयोगी ठरते.

म्हणून हे काम ट्रॅक्टर शेतात उतरण्याआधी करायला हवे. आमच्या भागात जुने शेतकरी टिटवीने अंडी कुठे घातली ते आवर्जून बघतात. उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी, असा त्यांचा होरा. आम्ही त्या होऱ्यावर पेरणी करणार नाही. पण त्या निमित्ताने माणूस घरट्यापर्यंत जातो, जागा ध्यानात ठेवतो, हे काही कमी नाही. तेवढा बाजेएवढा तुकडा पाळीतून सोडायला चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. खूण म्हणून घरट्यापासून पाच-सात पावलांवर तुराटी रोवावी, अगदी जवळ नको. तिथे माणसांची वर्दळ दिसली की कावळे आणि कुत्री माग काढतात.

टिटवी अंगावर आली तर पळू नये, दगडही मारू नये. ती सहसा चोच लावत नाही, भेवडावते. थांबावे, पायाखाली बघावे आणि आलो त्याच पावलांनी मागे फिरावे. कधी ती पंख मोडल्यासारखी फरफटत पुढे पळते. पोरे हमखास तिच्या मागे धावतात, आणि तिला तेच हवे असते.

शाळेत मुले खिशातून टिटवीची अंडी आणतात, तेव्हा रागावून भागत नाही. मुलाला सोबत घेऊन अंडी त्याच खळग्यात ठेवून यावी लागतात, तीही लवकर, ऊन चढायच्या आत. मोठ्यांनी हेही जाणून असावे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटे विसकटणे हे शिकारीच्या व्याख्येत धरले आहे.

पिले अंड्यातून बाहेर पडली की थोड्याच वेळात चालू लागतात. आई-बाप त्यांना भरवत नाहीत, किडे-मुंग्या वेचायला आणि पाण्याकडे घेऊन जातात. धोक्याची हाक आली की पिलू आहे तिथेच जमिनीला चिकटते, मग ती जमीन रानातली असो की गाडीवाटेवरची. जूनमध्ये वाटेत असे निपचित पिलू दिसले तर ते मेलेले किंवा पोरके नसते. गाडी बाजूने घ्यावी. उचलून, टोपलीखाली झाकून घरी आणू नये. दहा-वीस पावलांवर दोघे ओरडत असतात, ते त्याच्यासाठीच.