बेटाची चौथी वाट

तुमची आत्या ओआहू बेटावर राहायला गेली तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "आजोबा, तिथे आधी कोण राहत होतं?" प्रश्न छान आहे. पण त्याच्या उत्तराला फार मागे जावं लागेल, कारण आधी तिथे बेटच नव्हतं.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाईची बेटं आहेत, ओआहू त्यांतलंच एक. जवळात जवळची मोठी जमीन कॅलिफोर्नियाची, तीही सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. काश्मीरहून निघून कन्याकुमारी मागे टाकलीत तरी तेवढं अंतर भरत नाही. तिथे समुद्राच्या तळाखाली एका ठिकाणी पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक वर येत राहतो. ती जागा जवळजवळ हलत नाही. हलतो तो तिच्यावरचा समुद्रतळ, वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर, वायव्येकडे. आजीच्या शिलाई मशीनची सुई एकाच जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि मागे टाक्यांची रांग उमटते ना, तशी ही बेटांची रांग उमटली. वायव्येचं कौआई सुमारे ५० लाख वर्षांचं. ओआहू ३० ते ४० लाखांचं. आग्नेयेचं सर्वांत मोठं बेट दहा लाखांच्याही आतलं, आणि तिथला किलाउएया ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो.

"म्हणजे आत्या ज्वालामुखीवर राहते?" 

विझलेल्या. ओआहूवर दोन मोठे ज्वालामुखी होते, वायानाए आणि कोओलाउ. त्यांचे झिजून उरलेले सांगाडे म्हणजे आजच्या तिथल्या डोंगररांगा. आत्याने पहिला फोटो पाठवला तेव्हा तुमची आजी म्हणाली, "ही तर हरिश्चंद्रगडावर उभी आहे!" आजीचं फारसं चुकलं नव्हतं. काळा कातळ, उभे कडे, तांबडी माती. दोन्हीकडचा खडक बेसॉल्टच. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच लाव्ह्याच्या थरांतून उभा राहिला. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की भारताची जमीन तेव्हा एका तप्त जागेवरून सरकत होती, आणि ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे.

तर जमीन वर आली, पण ती कोरी करकरीत. आता तिथे वस्तीला कोण येणार आणि कसं? वाटा तीनच होत्या: वारा, पंख आणि लाटा.

वाऱ्यावरून आल्या नेच्यांच्या बीजुकांच्या धुळी आणि ओहिआ नावाच्या झाडाचं केसासारखं बारीक बी. लाव्हा थंड झाला की त्याच्या भेगेत सगळ्यात आधी रुजणाऱ्यांत हे झाड असतं. पंखांवरून आले पक्षी. त्यांच्या पोटातून, पिसांतून, पायाच्या चिखलातून आल्या बिया. आशियातून भरकटत आलेल्या एका चिमणीएवढ्या पक्ष्याच्या वंशातून तिथे पन्नासहून जास्त जातींचे पक्षी तयार झाले. कुणाची चोच बाकदार, मध प्यायला. कुणाची जाड, बी फोडायला. लाटांवरून आलं नौपाका. त्याची फळं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने तरंगतात आणि तरी रुजतात. हे झुडूप आपल्या देशाच्या किनाऱ्यांवरही आहे. त्याचं फूल पाहिलंत तर कुणीतरी अर्धं फाडून नेलंय असं वाटेल, पाचही पाकळ्या एकाच बाजूला.

पण हे येणं फार संथ होतं. हजारो हजारो वर्षांत एखादाच नवा जीव तिथे टिकला. जमिनीवरचा सस्तन प्राणी आपणहून पोचला तो फक्त वटवाघूळ. साप नव्हते, मुंग्या नव्हत्या, उंदीर नव्हते, डासही नव्हते. मग हजारेक वर्षांपूर्वी माणूस आला, जोडहोड्यांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणा वाचत. ते पॉलिनेशियन दर्यावर्दी होते. लाटेवर फळी घेऊन उभं राहण्याचा खेळ याच लोकांनी हवाईत वाढवला. राजे-राण्याही तो खेळत. पुढे ड्यूक कहानामोकू नावाच्या जलतरणपटूने, ज्याने १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली, तो खेळ जगभर नेला.

आत्याला बेटावर रुळायचं होतं, म्हणून तीही फळी घेऊन निघाली. विहिरीत पोहायला शिकलेली मुलगी! तिला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्या दिवशी पाण्यात उतरूच दिलं नाही. वाळूवर बसवलं आणि म्हणाले, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते मोज.

"सेकंद कशाला मोजायचे?"

त्यातच सगळं गुपित आहे. लाट म्हणजे पुढे धावणारं पाणी नव्हे. भर समुद्रात पाण्याचा कण जागच्या जागी गोल फिरतो. पुढे जाते ती ऊर्जा. हिवाळ्यात अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या बाजूला वादळं उठतात. वारा पाण्यावर घासतो आणि लहानमोठ्या लाटांचा नुसता कल्लोळ होतो. पण वादळापासून दूर निघाल्यावर त्या आपोआप निवडल्या जातात, कारण खोल पाण्यात लांब लाट वेगाने जाते आणि आखूड लाट मागे पडते. दर २० सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने सरकतो, दर १० सेकंदांनी येणाऱ्यांचा त्याच्या निम्म्याने. साडेतीन हजार किलोमीटर पार करून पहिला जथा अडीच-तीन दिवसांत ओआहूला येतो, दुसरा पाच-साडेपाच दिवसांनी. म्हणून किनाऱ्यावर बसून सेकंद मोजले की वादळाची बातमी कळते. सेकंदांचं अंतर मोठं असेल तर लाट लांबची आणि जोरकस. तिच्या वाटेला नवख्याने जायचं नाही. पुढच्या दिवसांत अंतर कमी होत गेलं की समजायचं, त्या वादळाच्या मागच्या लाटा आल्या.

वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हे सबंध पॅसिफिक ओलांडून तपासलं. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी बसवली. स्वतः तो बायको आणि मुलींना घेऊन सामोआच्या बेटावर जाऊन राहिला. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिणी समुद्रात उठलेल्या लाटा सुमारे दोन आठवडे प्रवास करून थेट अलास्काच्या किनाऱ्यावर आल्या, आणि वाटेत त्यांची ताकद फारच थोडी कमी झाली होती.

म्हणून ओआहूला लाटांचेही ऋतू असतात. आपल्या हिवाळ्यात उत्तर किनारा खवळतो, आणि उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा वायकीकीच्या दक्षिण किनाऱ्याला मवाळ होऊन येतात. शिकणारे वायकीकीला जातात. उत्तरेची लाट इतकी दांडगी का, माहीत आहे? मुंबईसमोर समुद्राचा तळ जवळजवळ ३०० किलोमीटरपर्यंत उथळ आहे. लाट त्यावर घासून दमते. ओआहू मात्र खोल समुद्रातून एकदम उभं राहिलेलं. लाट न दमता येते आणि शेवटच्या क्षणी तळाला अडते. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट उरली, की पायाकडचा भाग मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि फुटतो.

तिथल्या वायमेआच्या खाडीत एडी आइकाऊ नावाचा जीवरक्षक होता, अक्राळविक्राळ लाटांत उडी घेऊन माणसं काढणारा. १९७८ मध्ये उलटलेल्या होडीतल्या सोबत्यांसाठी मदत आणायला तो फळीवरून एकटा निघाला तो परतला नाही. त्याच्या नावाची स्पर्धा लाटा पुरेशा उंच असल्या तरच होते, एरवी वर्षानुवर्षं होत नाही. २०२३ मध्ये झाली, आणि जिंकली कुणी? ल्यूक शेपर्डसनने, जो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या ड्युटीवर होता!

आता वाळू. आत्याने मला चिमूटभर वाळूचा भिंगातून काढलेला फोटो पाठवला होता. आपल्याकडे वाळू म्हणजे बहुतेक झिजलेला खडक. तिथे काळ्या बेसॉल्टच्या बेटावर वाळू पांढरी, हे कसं? फोटोत दिसत होते प्रवाळाचे तुकडे, शंखांच्या चिपा, आणि सूक्ष्म जिवांची छिद्राछिद्रांची कवचं, काही गुलाबीसुद्धा. अन् यातला बराचसा माल एका माशाच्या पोटातून आलेला असतो.

"ई! पोटातून?"

ई कसलं, नीट ऐका. त्याला पोपट मासा म्हणू, कारण त्याचे दात जुळून चोच झालेली असते. मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खाताना तो खडकासकट लचका तोडतो. पाण्यात बुडी मारली की तो कुरकुर आवाज माणसालाही ऐकू येतो. घशात दातांची दुसरी चक्की असते, ती सगळं दळते. शेवाळ पचतं, पीठ मागून बाहेर पडतं. मोठा मासा वर्षाला काही शे किलो वाळू करतो. त्याने शेवाळ साफ ठेवलं तर प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. प्रवाळ जपायला हवा, म्हणूनच ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही प्रवाळाला घातक मानलेली रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे. आत्या आता लांब बाह्यांचा सदरा घालूनच पाण्यात उतरते.

वाळूलाही ऋतू असतात बरं का. हिवाळ्यात मोठ्या लाटा उत्तर किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रात नेतात, खालचे खडक उघडे पडतात. उन्हाळ्यात संथ लाटा ती परत आणून टाकतात.

समुद्र खवळला की आत्या डोंगरात धावायला जाते. ईशान्येचे वारे बाष्प घेऊन कोओलाउवर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. माथ्यावर वर्षाला काही मीटर पाऊस, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर होनोलुलूच्या विमानतळापाशी अर्धा मीटरही नाही. आपल्या घाटमाथ्याचा आणि माणदेशाचा हिशोब, फक्त फार दाटीवाटीने मांडलेला. त्यामुळे पायवाटा चिखलाच्या, मुळांच्या, शेवाळल्या कातळाच्या.

पहिल्याच धावेत तिला काय दिसलं? साळुंक्यांची जोडी भांडत होती. पुढे मुंगूस आडवं गेलं. आणि बुटाखाली पचकन जांभूळ! तिला वाटलं, माहेरीच आले. पण हे तिघेही वारा, पंख, लाटा यांपैकी कशावरूनही आलेले नाहीत. साळुंकी १८६५ मध्ये भारतातून आणली, पिकांवरच्या अळ्या खायला. मुंगसं कलकत्त्याहून जमैकाला गेली आणि तिथून १८८३ मध्ये हवाईत, उसातले उंदीर मारायला. पण उंदीर हिंडतात रात्री आणि मुंगूस दिवसा! त्यांची गाठ पडायची कशी? मुंगसांनी जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. जांभळाने आणि ब्राझीलच्या छोट्या पेरूने जंगल अडवलं. डास तर १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पिंपांतून उतरले, आणि पुढे त्यांनी पसरवलेल्या हिवतापाने तिथल्या मधपिऊ पक्ष्यांच्या जातीच्या जाती गेल्या.

ही चौथी वाट, माणसाची. पहिल्या तीन वाटांनी येणारा जीव एकटा यायचा आणि बेटाला त्याची सवय व्हायला हजारो वर्षं मिळायची. चौथ्या वाटेने सगळे एकदम आले.

ओआहूच्या झाडांवर नखाएवढ्या, रंगीत पट्ट्यांच्या गोगलगाई राहतात. पानावरची बुरशी चाटून खातात, पानाला इजा करत नाहीत, आणि एका वेळी एकच जिवंत पिल्लू देतात. १९५५ मध्ये शेतातली दुसरी एक उपद्रवी गोगलगाय मारायला शिकारी गोगलगाय आणली गेली, आणि ती यांच्याच मागे लागली. यांच्यातल्या एका जातीची शेवटची गोगलगाय प्रयोगशाळेत जपली होती. तिचं नाव जॉर्ज. १ जानेवारी २०१९ ला जॉर्ज मेला आणि ती जात संपली.

"मग आत्यानेही जाऊ नये ना तिथे?"

गेली तर चालेल, पण कशी राहते त्याला महत्त्व आहे. तिथे पायवाटेच्या तोंडाशी खांबावर ब्रश आणि फवारा टांगलेला असतो. पहिलं काम, बुटांचे तळ घासून माती काढायची. दुसरं, त्यावर अल्कोहोल मारायचं. ओहिआच्या झाडांना एक बुरशी लागली आहे, तिने लाखो झाडं वाळवली, आणि तिची बीजं चिखलातून बुटाला चिकटून जातात. परततानाही घासायचं. बेटाच्या वायव्य टोकाला, काएना पॉइंटला, २०११ मध्ये बारीक जाळीचं कुंपण घातलं, उंदीरही शिरू नये असं. त्याला दोन दारं आहेत. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत दोन मीटर पंखविस्ताराचे अल्बाट्रॉस पक्षी जमिनीवर अंडी घालतात. आत्या कुंपणापर्यंत धावते, आत मात्र चालते. बेटावर रुळणं म्हणतात ते मला तरी यातच दिसतं: लाट वाचता येणं आणि दार लावायची आठवण राहणं.

तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही निघणार. आजच बुटांच्या खाचांतला चिखल काडीने खरवडून काढा. मोज्यांना चिकटलेली कुसळंही वेचा. ताजी फळं, बिया, माती काही न्यायचं नाही; तिथे उतरायच्या आधी तसं लिहून द्यावं लागतं.

"म्हणजे आत्यासाठी हापूस नाही?"

नाही. आंबा तिथेही एकोणिसाव्या शतकातच जाऊन बसलाय. आत्याला तोच खाऊ दे, आणि हापूस खायला तिलाच इकडे बोलवा.