गालिच्यावरील लेबल आणि कोकोचा शेतकरी

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात सतराव्या शतकातील एक भव्य पर्शियन गालिचा आहे. चौकोनांत विभागलेली बाग, तिच्यातून वाहणारे पाण्याचे पाट, मासे, पक्षी आणि वृक्ष असे सारे त्यात विणलेले आहे; मात्र तो विणणारे हात कोणाचे होते, याची कोणतीही नोंद त्यावर नाही. जयपूरच्या परिसरातील मागांवर आज तयार होणाऱ्या गालिच्यांनाही हे तितकेच लागू पडते. गाठींची दाटी, लोकरीचा दर्जा, रंगांचा पक्केपणा ग्राहक पाहू शकतो. विणकराला किती मजुरी मिळाली, मागावर मूल बसले होते की प्रौढ माणूस, हे मात्र त्याला वस्तूवरून कळत नाही. अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. न्याय्य व्यापार, म्हणजेच फेअर ट्रेड, ही चळवळ मुळात या विषमतेवरचा उपाय होय. उत्पादकाला ठरावीक किमान भाव, त्यावर सामूहिक कामांसाठी अधिमूल्य, बालमजुरीला व वेठबिगारीला मज्जाव आणि या सर्वांची त्रयस्थाकडून तपासणी, असे तिचे स्थूल स्वरूप आहे.

परंतु लेबल लावल्याने वस्तू आपोआप खपत नाही. दूरदेशीच्या ग्राहकाने दुकानात जाऊन त्या लेबलाची मागणी करावी लागते आणि त्यासाठी त्याला कोणीतरी ते समजावून द्यावे लागते. हे काम कोणी करायचे, आणि ते करणाऱ्याच्या हाती शेवटी काय पडते, हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

निर्बंध की लेबल?

भारतातील गालिचा उद्योगाचे प्रमुख केंद्र उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्टा असले, तरी काश्मीर आणि जयपूर परिसर हीदेखील त्याची जुनी केंद्रे आहेत. बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ च्या अनुसूचीत गालिचा विणकामाचा समावेश होता. तरीही मागांवर मुले दिसत राहिली. लहान बोटांनीच बारीक गाठी चांगल्या बसतात, असे समर्थन तेव्हा सर्रास केले जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात त्याला आधार सापडला नाही. मुलांना कामावर ठेवण्यामागे बोटांचे कौशल्य नसून कमी मजुरी हे खरे कारण होते.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये एक विधेयक मांडले. बालमजुरीतून तयार झालेल्या मालाच्या आयातीस बंदी करावी, असा त्याचा आशय होता. ते संमत झाले नाही, पण निर्यातदारांमध्ये चिंता पसरली. या पार्श्वभूमीवर कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने आणि काही निर्यातदार, युनिसेफ व जर्मनीच्या सहकार्याने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे लेबल अस्तित्वात आले. प्रत्येक गालिच्याला क्रमांक असलेले लेबल, मागांची अचानक तपासणी आणि सुटका झालेल्या मुलांचे शिक्षण व पुनर्वसन ही त्याची तीन अंगे होती. खर्चासाठी निर्यातदाराने व परदेशी आयातदाराने मालाच्या किमतीचा अल्प हिस्सा द्यावयाचा, अशी रचना होती. पुढे २००९ मध्ये या लेबलाचे नाव ‘गुडवीव्ह’ असे झाले. याच सुमारास, म्हणजे १९९५ मध्ये, गालिचा निर्यात संवर्धन परिषदेने ‘कालीन’ हे स्वतंत्र लेबल सुरू केले होते.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. आयातबंदीचा निर्णय एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रावर लादते. लेबल ही ग्राहकाची ऐच्छिक निवड असते. श्रममानके व्यापार कराराला जोडू नयेत, अशी भारताची भूमिका होती. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर १९९६ मधील सिंगापूर परिषदेच्या जाहीरनाम्यात श्रममानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा असल्याचे मान्य झाले आणि संरक्षणवादासाठी त्यांचा वापर नाकारला गेला. योगायोग असा की, या वादातही जयपूरचा वाटा आहे. तेथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कट्स’ या ग्राहक संस्थेने व्यापार आणि श्रममानके यांची सांगड घालण्यास ठाम विरोध केला. सिएटल येथील १९९९ च्या परिषदेच्या वेळी विकसनशील देशांतील विचारवंतांनी या सांगडीविरुद्ध काढलेल्या निवेदनाचा पुरस्कार या संस्थेने केला होता. श्रीमंत देशांना गरीब देशांतील मुलांची कणव नेमकी त्यांची निर्यात वाढू लागल्यावरच यावी, हा या टीकेचा गाभा आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

तथापि परदेशी ग्राहकाशी बोलणारे सर्वच काही आयातबंदीचे पुरस्कर्ते नव्हते. सुटका झालेल्या मुलांसाठी १९९८ मध्ये विराटनगर येथे ‘बाल आश्रम’ उभा राहिला. विराटनगर, म्हणजे अशोकाच्या शिलालेखांसाठी प्रसिद्ध असलेले जुने बैराट, तेव्हा जयपूर जिल्ह्यात होते. २०२३ च्या पुनर्रचनेत ते कोटपूतली-बहरोड जिल्ह्यात गेले. याच वर्षी, १७ जानेवारी १९९८ रोजी, मनिलाहून निघालेली बालमजुरीविरोधी जागतिक पदयात्रा जूनमध्ये जिनिव्हाला पोहोचली. तिच्यात स्वतः मजुरी केलेली मुले चालत होती. पुढील वर्षी श्रम संघटनेने बालमजुरीच्या निकृष्टतम प्रकारांविषयीचा करार क्रमांक १८२ संमत केला. भारताने तो, किमान वयाच्या करार क्रमांक १३८ सह, जून २०१७ मध्ये अनुसमर्थित केला. बाल आश्रमात वाढलेल्या ओमप्रकाश गुर्जर या वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला जन्मनोंदणीच्या मोहिमेसाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय बाल शांतता पुरस्कार मिळाला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

मुलाने मुलांशी बोलण्याचा परिणाम किती खोल होतो, याचे उदाहरण शेजारच्या पाकिस्तानातील आहे. गालिच्याच्या मागावरून सुटलेला इक्बाल मसीह डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील क्विन्सी येथील एका शाळेत गेला होता. एप्रिल १९९५ मध्ये त्याची हत्या झाली. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी निधी गोळा करून पाकिस्तानातील कसूर भागात त्याच्या नावाने शाळा उभारण्यास मदत केली.

कोको पिकवणारे शाळेत जातात

गालिच्याचा विषय चॉकलेटशी जोडणारा दुवा हार्किन यांच्याच नावाचा आहे. कोकोच्या शेतीतील बालमजुरी संपवण्यासाठी २००१ मध्ये चॉकलेट उद्योगाने जो करारनामा स्वीकारला, तो हार्किन-एंगेल करारनामा म्हणून ओळखला जातो. २००५ ची त्यातील मुदत पाळली गेली नाही. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१८-१९ च्या हंगामात घाना व आयव्हरी कोस्टच्या कोको क्षेत्रात सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती.

याच घानामध्ये शेतकऱ्यांनी १९९३ मध्ये ‘कुआपा कोकू’ ही सहकारी संघटना स्थापन केली. सरकारी कोको मंडळासाठी गावोगाव खरेदी करण्याचा परवाना तेव्हा खासगी संस्थांना नुकताच खुला झाला होता. वजनकाट्यात फसवले जाणे ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती. कुआपाने प्रत्येक गावात माल मोजणारा माणूस शेतकऱ्यांनीच निवडावा, अशी व्यवस्था केली. त्यापुढचे पाऊल मात्र असाधारण होते. संघटनेने १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सहयोगींसह चॉकलेट कंपनी काढली. ‘डिव्हाइन’ हे तिचे उत्पादन आणि पुढे तेच तिचे नाव झाले. कोकोचा शेतकरी अशा रीतीने चॉकलेट कंपनीचा भागधारक झाला. २००६ मध्ये एका भागीदाराने आपले समभाग देऊन टाकल्यावर कुआपाचा हिस्सा ४५ टक्क्यांवर गेला.

कंपनीकडे जाहिरातीसाठी मोठ्या कंपन्यांइतका पैसा नव्हता. तिच्याकडे होते ते स्वतः शेतकरी. ब्रिटनमध्ये दरवर्षी साजऱ्या होणाऱ्या न्याय्य व्यापार पंधरवड्यात उत्पादक देशांतील शेतकरी शाळा, चर्च व नगरसभागृहांतून बोलत. कोकोची शेंग फोडायची कशी, बिया केळीच्या पानांत आंबवायच्या कशा, उन्हात वाळवायच्या कशा, हे ते सांगत. अनेकांनी स्वतः पिकवलेल्या कोकोचे चॉकलेट फारच उशिरा चाखलेले असे. २००० मध्ये खास मुलांसाठी ‘डबल’ नावाची वडी बाजारात आली आणि ती ठेवावी म्हणून मुले दुकानदारांना पत्रे लिहू लागली. गारस्टँग हे इंग्लंडमधील छोटे गाव त्याच वर्षी स्वतःला जगातील पहिले न्याय्य व्यापार गाव म्हणवू लागले आणि पुढे त्याने घानातील न्यू कोफोरिदुआ या कोको पिकवणाऱ्या गावाशी मैत्री जोडली. दोन वर्षांनी ब्रिटनमधील सहकारी भांडारांनी आपल्या स्वतःच्या नाममुद्रेचे सर्व चॉकलेट न्याय्य व्यापाराच्या कोकोचे केले. शाळकरी मुलांच्या पत्रांमुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी वातावरण तयार केले, हे निश्चित.

मालकीचा प्रश्न

प्रमाणित कोकोवरील अधिमूल्य ऑक्टोबर २०१९ पासून टनाला २४० डॉलर झाले. म्हणजे किलोमागे सुमारे पाव डॉलर. ही रक्कम विहीर, शाळा, दवाखाना यांसाठी उपयोगी पडते. कुटुंबाचे दारिद्र्य तेवढ्याने हटत नाही. शिवाय लेबल कायम राहील याची हमी नसते. ब्रिटनमधील कॅडबरी डेअरी मिल्कवर २००९ मध्ये न्याय्य व्यापाराची मुद्रा आली. २०१६ मध्ये कंपनीने त्याऐवजी स्वतःचा कार्यक्रम पुढे करण्याचे ठरवले. निर्णय कंपनीचा होता, शेतकऱ्याचा नव्हता.

म्हणूनच भागभांडवलाला महत्त्व येते. भागधारकाला लाभांश मिळतो आणि संचालक मंडळात जागा मिळते. पण तीही वाट निर्धोक नाही. २०२० मध्ये एका जर्मन चॉकलेट उत्पादकाने डिव्हाइनचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि कुआपाचा हिस्सा २० टक्क्यांवर आला.

या बाबतीत भारताकडे सांगण्यासारखे उदाहरण आहे, पण ते फारसे सांगितले जात नाही. कर्नाटक व केरळमधील सुपारी उत्पादकांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था १९७३ मध्ये मंगळूर येथे स्थापन झाली. १९७०-८० च्या दशकांच्या संधीला कोकोचे भाव कोसळले आणि खरेदीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा संस्था कोको खरेदीत उतरली. १९८६ मध्ये तिने पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. मालकी पूर्णतः शेतकऱ्यांच्या संस्थेची असूनही तिचे चॉकलेट खाणाऱ्या बहुतेकांना ही गोष्ट ठाऊक नसते. घानाच्या शेतकऱ्यांकडे कथा होती आणि मालकी अपुरी पडली. पुत्तूरला मालकी आहे, कथा नाही.

ज्या वस्तूला परदेशी ग्राहक नाही

जयपूरच्या मणिहारों का रास्ता या गल्लीत लाखेच्या बांगड्यांची दुकाने ओळीने आहेत. तापवलेल्या लाखेवर काचेचे खडे बसवण्याचे काम शहरातील कोंदट खोल्यांत चालते आणि बिहारमधून आणलेल्या मुलांची अशा खोल्यांतून वारंवार सुटका करण्यात आली आहे. ‘बालमजुरीमुक्त जयपूर’ हा उपक्रम त्यातूनच पुढे आला. या बांगड्या मुख्यतः देशातच विकल्या जातात. जर्मनीतील आयातदार किंवा इंग्लंडमधील शाळा त्यांच्याविषयी प्रश्न विचारत नाही. भारतीय बाजारपेठेसाठी न्याय्य व्यापाराची मुद्रा २०१३ मध्ये सुरू झाली, तिचा भर मुख्यतः शेतमाल व कापूस यांवर राहिला.

येथे काम पडते ते कायद्याला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई केली, मात्र शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या बिनधोक उद्योगात मदत करण्याची मुभा ठेवली. भाड्याच्या खोलीत आठ-दहा मुले बांगड्यांना खडे लावत बसलेली आढळतात, तेव्हा ती पुतणे-भाचे असल्याचे मालक सांगतो. मुलांची जन्मनोंद, गावचा पत्ता व शाळेचा पट यांची पडताळणी बिहारमधून होईपर्यंत निरीक्षकापुढे तेवढेच उत्तर असते.