अंड्यावरची मासोळी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गुन्हा कबूल करून टाकतो. रेक्टर सरांनी हा अंक वाचला तर वाचोत बापडे! मागच्या जुलैत ज्या मासोळीच्या वासाने आमची अख्खी विंग रात्री अकराला जागी झाली, ती आमच्याच रूममध्ये, पलंगाखाली लपवलेल्या हीटरवर शिजत होती. धाम नदीला पहिला पूर येऊन गेला होता. आम्ही चौघं एका बंधाऱ्याखाली जुनी मच्छरदाणी धरून उभे राहिलो आणि अर्ध्या तासात पाच-सहा मासोळ्या मिळाल्या. काही कसबच लागलं नाही, मासोळ्या स्वतःच येऊन पडत होत्या. कापल्यावर पाहतो तर प्रत्येकीचं पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. माझा रूमपार्टनर मालवणचा. तो तर नाचायलाच लागला, "गाबोळी! गाबोळी!"

निघताना काठावर जाळं आवरत बसलेले एक भोई काका आमच्याकडे बघून म्हणाले होते, "काहून रे पोट्टेहो, अंड्यावरची मासोळी कायले नेता? आता एक खाशान, तं दिवाईले शंभर कमी व्हतीन." आम्ही हसलो आणि चालू लागलो. तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच बोलतोय.

दोन दिवसांनी रूमपार्टनरने एक फिल्म दाखवली. त्याचा मावसभाऊ तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा गाईड आहे, त्याच्याकडून आणलेली. फिल्म होती पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ नावाच्या चिमुकल्या देशातली. तिथे जगभरातून लोक माशांची वीण बघायला जातात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहत नाहीत, बोटीवरच मुक्काम. झोपायचं बोटीवर, जेवायचं बोटीवर आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीला टाकी बांधून पाण्यात उडी. (टाकीत ऑक्सिजन असतो हा आपला गैरसमज. साधी हवाच असते, दाबून भरलेली.) मुक्काम बोटीवर असण्याचं कारण असं की हा प्रकार प्रवाळांच्या बाहेरच्या कडेला, खोल समुद्राच्या तोंडाशी घडतो, आणि तोही बऱ्याचदा पहाटे. किनाऱ्यावरून चहा पिऊन निघालात तर पोहोचेपर्यंत कार्यक्रम आटोपलेला!

फिल्ममध्ये डोक्यावर टेंगूळ असलेले पोपटमासे अमावास्येच्या सुमारास शेकड्यांनी जमलेले दिसतात. तांबडे स्नॅपर मासे जमतात ते पौर्णिमेच्या आसपास. आधी नुसता घोळका फिरत असतो. मग एक मादी सरळ वर झेपावते, तिच्यामागे दहा-बारा नर सुटतात, आणि वरच्या टोकाला क्षणभर पांढरा ढग फुटतो. तो ढग म्हणजे अंडी आणि नरांचं वीर्य. लगेच दुसरी मादी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळं पाणी दुधाळ होतं. ते खायला शार्कही हजर असतात.

आमचं पब्लिक गप्प झालं होतं. एकाने विचारलं, "अबे, पण यांना तारीख कोण सांगतं?" आम्ही पडलो इंजिनिअरिंगवाले, मग वीण राहिली बाजूला आणि टायमिंगवर चर्चा सुरू झाली. पुढे जे वाचलं, जे विचारून घेतलं, ते इथे मांडतो.

बहुतेक माशांत गर्भधारणा मादीच्या शरीरात होत नाही, बाहेर पाण्यात होते. मादी अंडी सोडते, नर वीर्य सोडतो, दोन्हींची गाठ पाण्यात पडायची. आता अडचण बघा. आपल्या रोहू-कटल्यासारख्या माशांचे शुक्राणू नदीच्या पाण्यात पडल्यावर जेमतेम मिनिटभर पोहू शकतात. म्हणजे नर-मादी एकाच जागी, एकाच वेळी तयार नसतील तर सगळी मेहनत वाया. वर्षभर साठवलेली ताकद एका मिनिटाच्या हिशेबावर लावायची! म्हणून सगळ्यांना दिसेल, जाणवेल असं एक सामाईक घड्याळ लागतं.

समुद्रात ते घड्याळ म्हणजे चंद्र आणि भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओहोटीचा ओढाही जोराचा असतो. त्या ओढ्याबरोबर अंडी प्रवाळातल्या हजार तोंडांपासून दूर, खोल समुद्रात निघून जातात. पलाऊच्या कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होतं. कोणता मासा कोणत्या तिथीला कुठे जमतो, ते सगळं. रॉबर्ट जोहान्स नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेतलं आणि 1981 साली त्याचं पुस्तक निघालं. शास्त्रज्ञ शिकले ते कोळ्यांकडून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, भरती नाही. मग आपल्या माशांचं घड्याळ कोणतं? तर पहिला पूर! धाम, बोर, वणा या नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटात तोवर अंडी तयार होत आलेली असतात, पण मासोळी ती सोडत नाही. मृग-आर्द्राचा पाऊस पडतो, तापलेलं पाणी थंड होतं, गढूळ होतं, वाहायला लागतं. मासोळीला हे सगळे सिग्नल कळतात. तिथून मेंदूला, मेंदूकडून त्याच्या खाली असलेल्या पिट्युटरी नावाच्या एवढ्याशा ग्रंथीला आणि ग्रंथीकडून रक्तावाटे अंडाशयाला निरोप जातो, की आता सोड! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला सेन्सर, कंट्रोलर आणि रिले म्हणायला हरकत नाही.

निरोप मिळाला की मासे प्रवाहाविरुद्ध चढायला लागतात. कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे मासे. चढून ते काठावरच्या, पुराने नुकत्याच बुडालेल्या उथळ गवताळ जागी येतात. तिथे नर मादीच्या मागे धावतात, पाणी उसळतं आणि अंडी सुटतात. अंडी पाणी शोषून फुगतात आणि प्रवाहात तरंगत जातात. आपल्या पावसाळ्यातल्या पाण्यात साधारण 14 ते 20 तासांत पिल्लू बाहेर! पलाऊला जे बघायला लाखांनी रुपये मोजावे लागतात, त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे घोटाभर पाण्यात, काठावर उभं राहून दिसतो. पाणी चहासारखं असतं म्हणून आत काही दिसत नाही, एवढाच फरक.

गंमत अशी की तलावाच्या साचलेल्या पाण्यात हे मासे वाढतात, पोटात अंडीही तयार होतात, पण वाहत्या पाण्याचा सिग्नल मिळत नाही म्हणून सुटत नाहीत. शेवटी मासोळी ती अंडी पोटातच जिरवते. यावर तोड काढली डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 10 जुलै 1957 रोजी. त्यांनी दुसऱ्या माशाच्या पिट्युटरीचा अर्क मासोळीला टोचला. सेन्सरला बगल देऊन थेट रिले दाबला म्हणा ना! पूर नसताना मासोळीने अंडी दिली. आज देशभर तळ्यांत सोडलं जाणारं मत्स्यबीज मुख्यतः याच वाटेने तयार होतं, आणि 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मग आमच्या रूमवर वाद झाला. एक जण म्हणाला, "इंजेक्शन देऊन लाखो पिल्लं मिळतात, तर आपण सहा मासोळ्या खाल्ल्या तर काय बिघडलं?" मलाही क्षणभर पटलं. पण हिशेब करून पाहिला.

एक किलोच्या रोहूत साधारण दोन लाख अंडी असतात. नदीतली संख्या न वाढता न घटता टिकायची असेल तर एका मादीच्या आयुष्यभराच्या सगळ्या अंड्यांतून सरासरी फक्त दोन पिल्लं मोठी होऊन वीण घालायला हवीत. बाकी सगळी कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात, बेडूक, बगळे, दुसरे मासे यांच्या. म्हणजे जी मासोळी अंडी घेऊन बंधाऱ्याखाली पोहोचते, ती लाखांतून वाचलेली असते. तिला अंडी सोडण्याच्या दोन तास आधी पकडणं म्हणजे फायनल इयरच्या शेवटच्या वायवाच्या दारातून पोराला घरी पाठवणं! शिवाय इंजेक्शनची सोय मुख्यतः मोठ्या, विकाऊ माशांसाठी आहे. नदीतल्या बारीकसारीक गावठी मासोळ्यांना पहिला पूर हीच एक संधी.

आणि खरी मेख इथेच आहे. वीण साधण्यासाठी मासे एकत्र येतात, ठरलेल्या वेळी येतात, ठरलेल्या जागी येतात, आणि नेमकं म्हणूनच ते सर्वांत सोपे सापडतात. जे त्यांचं बळ, तोच त्यांचा घात. कॅरिबियन समुद्रात लिटल केमन बेटाजवळ 2001 साली नासाऊ ग्रूपर माशांचा असाच एक मोठा मेळा कोळ्यांना सापडला. दोन हंगामांत सुमारे 4000 मासे उचलले गेले. 2003 मध्ये सरकारने तिथे विणीच्या काळात मासेमारी बंद केली आणि पुढच्या पंधरा वर्षांत संख्या तिपटीच्या वर गेली. वर्षभर उपाशी राहायची गरज पडली नाही, नेमके दिवस सोडले एवढंच. आपल्या किनाऱ्यावरही जून-जुलैत यांत्रिकी बोटींना बंदी असते. एक कारण खवळलेला समुद्र, दुसरं हेच.

आता सिव्हिलवाल्यांसाठी दोन शब्द. केटी म्हटलं की आपल्याला राहिलेले विषय आठवतात, पण नदीवर केटी म्हणजे कोल्हापुरी टाईप बंधारा. त्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या असतात, म्हणजे पूर मोकळा जातो आणि मासेही वर चढतात. फळ्या तशाच अडकून राहिल्या, किंवा खालचं काँक्रीट खरवडून उंच पायरी तयार झाली, की मासे तिथेच अडकतात आणि उड्या मारत राहतात. आमच्या मच्छरदाणीत "स्वतःच येऊन पडत" होते ते असे. त्यांना कुठे दुसरी वाट होती? डिझाइन करताना पाण्याचा क्यूसेक आपण काढतोच, कोण कोण त्यातून वर जाणार आहे याचाही एक कॉलम असायला हवा.

या जुलैत आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो, मच्छरदाणी न घेता. (पुराच्या पाण्यात उतरू नका रे बाबांनो, काठावरूनच बघा.) काका होतेच. मी म्हटलं, "काका, मागच्या वर्षी आमचं चुकलं." ते म्हणाले, "मायं पोट याच्यावर हाय, मीबी पकडतो. पण पहिले आठ दिवस मीबी हात आवरतो. येऊ दे तिले वर." मग त्यांनी बोट दाखवलं. बुडालेल्या गवतात पाणी एकदम उसळलं, शांत झालं, पुन्हा उसळलं. पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही. रूमपार्टनर हळूच म्हणाला, "मालवणात जन्मलंय, पण ह्या पयल्यांदा बघितलंय."

तेव्हा मित्रांनो, विनंती एवढीच. मासोळी खाणाऱ्यांनी जरूर खा, मी पण खातो. फक्त पहिल्या पुराचे आठ-पंधरा दिवस तिला जाऊ द्या. बाजारात पोट फुगलेली दिसली तर पुढच्या टोपलीकडे वळा. आणि रेक्टर सर, हीटर आम्ही केव्हाच घरी पाठवलाय. खरंच!